जुन्या पिकअपचा भरवसा

आमचे डभोई हे गाव मराठी माणसाला बहुधा इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक असते. १७३१ सालच्या १ एप्रिल रोजी पहिला बाजीराव आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांची लढाई याच परिसरात झाली आणि सेनापती तीत पडले, एवढे वाक्य परीक्षेपुरते पाठ करून आपण पुढच्या धड्याकडे वळतो. परंतु आज मला ज्या विषयावर बोलावयाचे आहे, त्याला या गावाची दुसरी एक हकीकत अधिक जवळची आहे. १८६२ साली खंडेराव महाराज गायकवाड यांच्या कारकीर्दीत डभोई ते मियागाम असा सुमारे वीस मैलांचा अरुंद लोहमार्ग घालण्यात आला. त्यावरचे डबे आरंभी बैल ओढीत असत. पुढे वाफेची इंजिने आणली गेली, तेव्हा रूळ इतके हलके निघाले की त्यांना इंजिनाचा भार पेलेना. पुन्हा बैलच जुंपावे लागले. भक्कम रूळ आल्यानंतरच इंजिने नेमाने धावू लागली.

त्या इंजिनांत दोष नव्हता. ज्या रुळांवरून त्यांनी धावावयाचे, ते रूळ त्यांच्याजोगे नव्हते. एखादे यंत्र भरवशाचे आहे काय, हा प्रश्न म्हणूनच नुसता विचारून भागत नाही. कोणत्या वाटेवर, किती ओझ्यानिशी आणि किती काळपर्यंत, हे तीन शब्द त्याला जोडावे लागतात. यंत्रशास्त्रात विश्वसनीयतेची व्याख्या करतात तीही जवळजवळ अशीच आहे: ठरलेल्या परिस्थितीत, ठरलेल्या मुदतीपर्यंत, यंत्र आपले काम न बिघडता करील याचा संभव. ही व्याख्या ध्यानात ठेवून आपण गावोगावच्या एका नित्याच्या चिंतेकडे वळू. ती म्हणजे, दुसऱ्याने वापरलेली पिकअप गाडी विकत घ्यावी काय?

डभोई हे एके काळी अरुंद रुळांच्या जाळ्याचे मोठे केंद्र होते. आता ते रूळ बहुतेक उखडले गेले. डभोईवरून केवडियापर्यंतचा रुंद मार्ग २०२१ च्या जानेवारीत सुरू झाला. पण पूर्वी त्या लहान गाडीच्या डब्यातून जो कापूस, जी तूर, जी सरपणाची मोळी गावागावांतून येई, ती रुंद गाडीतून येत नाही. ती पिकअपमधून येते. संखेड्याचे लाखेच्या रंगाचे सागवानी पाळणे आणि खुर्च्या पिकअपमधूनच वडोदऱ्याकडे जातात, आणि ओरसंग नदीची रेतीही पुष्कळदा तिच्यातूनच वाहिली जाते. आपल्या देशात या जातीच्या वाहनांचा प्रसार टप्प्याटप्प्याने झाला. १९४७ पासून महिंद्रांनी विलिस जीप जुळविण्यास आरंभ केला. १९८६ साली टाटांची ४०७ आली. आणि २००५ साली आलेल्या टाटा एसने, म्हणजे लोक ज्याला ‘छोटा हत्ती’ म्हणतात त्याने, दोन सिलिंडरांच्या सातशे घनसेंटिमीटरच्या इंजिनावर पाऊण टनाचा माल गल्लीबोळांत नेऊन पोहोचविला. नवी गाडी घेण्याची ऐपत नसलेल्या मनुष्यास जुनी गाडी हाच व्यवसायात शिरण्याचा दरवाजा असतो. आईच्या बांगड्या आणि बहिणीच्या लग्नासाठी साठविलेली रक्कम त्या दरवाज्यातून आत जाते, म्हणून हा विषय केवळ गॅरेजचा नव्हे.

असा मनुष्य प्रथम काय करतो? तो मालकांना विचारतो. चहाच्या टपरीवर एक मालक छातीवर हात ठेवून सांगतो की, आपण दोन लाख किलोमीटर चालविली आणि इंजिनाचा एक बोल्टही उघडला नाही. दुसरा त्याच कंपनीच्या त्याच वर्षाच्या गाडीला शिव्या मोजतो. ऐकणारा गोंधळतो आणि ज्याचा आवाज मोठा त्याचे ऐकतो. दोघेही खोटे बोलत नसतात, ही यातली खरी अडचण आहे. पहिला संखेड्याचे फर्निचर वाहतो. माल जागा पुष्कळ अडवितो, पण वजनाला हलका असतो. दुसरा रेती वाहतो. जरा हिशेब मांडून पाहा. आठ फूट लांब आणि पाच फूट रुंद असा हौदा धरा आणि त्यात केवळ एक फूट उंचीची रेती भरा. चाळीस घनफूट, म्हणजे एक घनमीटरहून थोडी अधिक. कोरड्या रेतीचे घनमीटरला वजन सुमारे सोळाशे किलो धरले, तर हौद्यात अठराशे किलोंचा भार झाला. रेती ओली असली तर याहूनही अधिक. पुष्कळ पिकअप गाड्यांची मान्य क्षमता एक ते दीड टनाच्या आसपास असते. हौदा तर अजून अर्धाही भरलेला दिसत नाही, म्हणून मजूर आणखी चार घमेली टाकतो.

या चार घमेल्यांची किंमत किती? १९४७ साली स्वीडनमधील लुंडबर्ग आणि पाल्मग्रेन या दोन संशोधकांनी गोळ्यांच्या बेअरिंगच्या आयुष्याचा नियम मांडला, आणि तो आजही वापरला जातो. त्याचा आशय असा की, बेअरिंगवरचा भार दुप्पट केला तर त्याचे आयुष्य निम्मे होत नाही, ते आठव्या हिश्शावर येते. भार सव्वापट केला तरी आयुष्य जवळजवळ निम्म्यावर उतरते. चाकातील बेअरिंग, पाटे, मागच्या आसाचे दाते, हे सारे धातूच्या थकव्याने मरतात, आणि थकवा हा सावकारी व्याजासारखा चढत जातो. तेव्हा मालकाला ‘गाडी कशी आहे’ असे विचारण्याऐवजी ‘तुम्ही काय वाहत होता’ असे विचारावे. एवढ्या एका प्रश्नाने टपरीवरचे अर्धे मतभेद मिटतात.

उरलेल्या अर्ध्या मतभेदांचे कारण निराळे आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अब्राहम वाल्ड नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने परत आलेल्या विमानांवरील गोळ्यांच्या खुणांचा अभ्यास केला. जिथे खुणा अधिक दिसतात तिथे चिलखत घालावे असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. वाल्डच्या विचाराचे मर्म असे की, ज्या विमानांना इंजिनापाशी गोळी लागली ती परतलीच नाहीत, म्हणून परतलेल्यांच्या इंजिनांवर खुणा कमी दिसतात. आपल्या चर्चेतही हेच घडते. पंधरा वर्षांच्या गाडीचा मालक अभिमानाने सांगतो की, जुने ते सोने. पण तिच्याबरोबर कारखान्यातून निघालेल्या तिच्या किती बहिणी भंगारात गेल्या, त्यांचे मालक टपरीवर बोलावयास येत नाहीत. शिवाय मनुष्यस्वभाव असा की, ज्या वस्तूवर आपण पैसे घातले तिची निंदा म्हणजे स्वतःच्या अकलेची निंदा. विकावयाची असेल तर मग प्रश्नच मिटला.

विक्रीच्या बाजारातील हा दोष अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली एका लहानशा निबंधात उलगडून दाखविला. त्यांनी उदाहरणच जुन्या मोटारींचे घेतले होते. विकणाऱ्यास गाडीचे गुणदोष ठाऊक असतात, घेणाऱ्यास नसतात. म्हणून घेणारा सरासरीचा भाव देऊ करतो. त्या भावात चांगल्या गाडीच्या मालकास विकणे परवडत नाही, तो ती घरी ठेवतो. वाईट गाडीचा मालक मात्र आनंदाने विकतो. अशा रीतीने बाजारात वाईट गाड्यांचे प्रमाण वाढत जाते, आणि भाव आणखी उतरतो. तीन नियतकालिकांनी नाकारलेल्या या निबंधाच्या कर्त्याला २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्याकडच्या एका मिस्त्रीला मी हे सांगितले, तेव्हा तो हसून म्हणाला, “यात नवीन काय, सर? म्हणून तर मी बाजारातली गाडी घेत नाही. जो विकायला तयार नाही त्याच्या दारात वर्षभर चकरा मारतो.”

त्याच मिस्त्रीकडून मी जे शिकलो त्यातील थोडे येथे सांगतो. गाडी पाहावयास भल्या पहाटे, न कळविता जावे. इंजिन थंड असले पाहिजे. आधीच चालू करून गरम ठेवलेले इंजिन पुष्कळ दुखणी लपविते. धूर निळसर आला तर इंजिन ऑइल खाते आहे. काळा आला तर डिझेल पुरते जळत नाही. हवेची गाळणी तुंबली असेल किंवा पंपात खोट असेल. पांढरा धूर थंडीत पहिल्या क्षणी आला तर चिंता नाही, पण गरम झाल्यावरही येतच राहिला तर पाणी आत शिरत असल्याची शंका घ्यावी. ऑइलचा रंग चहासारखा दुधट दिसला तर ती शंका खरी. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण उघडावे. आतून धुराचा सपाटून झोत येत असेल तर रिंगा झिजल्या आहेत.

मग गाडीखाली शिरावे. कपडे मळतात, त्याला इलाज नाही. पाटे मोजावे. मूळच्यापेक्षा एखाददुसरा जास्त घातलेला आढळला, तर तिच्यावर ओझे कसे लादले गेले हे मालकाने न सांगताच कळते. चासीवर, विशेषतः मागचे पाटे जिथे अडकवितात तिथे, ताज्या काळ्या रंगाचा पट्टा दिसला तर नखाने खरवडून पाहावे. खाली वेल्डिंगची शिवण सापडण्याचा संभव असतो. हौद्याचा पत्रा खतांच्या गोण्यांनी सडतो, कारण सांडलेले खत ओल धरून ठेवते आणि लोखंड खाते. किलोमीटर दाखविणाऱ्या मीटरवर तर मुळीच विसंबू नये. जुना मीटर उलटा फिरवीत, नवा संगणकावर जोडून फिरवितात. त्यापेक्षा क्लच आणि ब्रेकच्या पट्ट्यांवरील रबर, सुकाणूचे चक्र आणि चालकाची बैठक पाहावी. पन्नास हजार किलोमीटर दाखविणाऱ्या गाडीचे पेडलचे रबर गुळगुळीत झाले असेल तर कोण खरे बोलते ते उघड आहे.

जुन्या धाटणीचा यांत्रिक पंप असलेली गाडी बरी की नव्या धाटणीची, हा वादही नेहमी ऐकू येतो. नव्या डिझेल इंजिनांत इंधन हवेच्या दाबाच्या हजारो पट नव्हे, तरी हजार-सोळाशे पट दाबाने सिलिंडरात फवारले जाते. धूर कमी होतो, डिझेल वाचते. पण त्या सूक्ष्म छिद्रांना पाण्याचा एक थेंब आणि कचऱ्याचा एक कण पुरतो, आणि दुरुस्तीला पाने-पक्कड पुरत नाहीत, संगणक लागतो. जिथे संगणकवाला मिस्त्री तीस किलोमीटरांवर आहे, तिथे जुना पंप भरवशाचा. शहरात उलटे. पुन्हा ती डभोईच्या रुळांचीच गोष्ट.

येथवर मी यंत्राविषयी बोललो. पण मला स्वतःला जो धडा मिळाला तो यंत्राने दिलेला नाही. माझा एक जुना विद्यार्थी काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी शाळा सुटल्यावर माझ्याकडे आला. पिकअप घ्यावयाची होती. मिस्त्रीने इंजिन पास केले होते. कागद पाहण्यासाठी मी यावे, अशी त्याची इच्छा. त्याच्या आईचे सोने गहाण पडले होते, हे मला ठाऊक होते. मी चश्मा पुसून नोंदणीपत्र वाचले, चासीवरील क्रमांक टॉर्चच्या उजेडात ताडून पाहिला, कर्जाचा बोजा नाही याची खात्री केली, विमा पाहिला. मालकीबदलाचे २९ आणि ३० क्रमांकांचे नमुने होते, त्यांवर मालकाची सही होती. मालक स्वतः नव्हता. दलाल म्हणाला, “शेठ कामात आहेत.” सहीखाली तारीख नव्हती. मी ते पाहिले आणि सोडून दिले. मुलांच्या वहीत तारीख नसली तर मी पान परत करतो, श्रोतेहो.

पैसे दिले, गाडी आली, दोन महिने उत्तम चालली. कापसाचा हंगाम होता. जानेवारीत गाडीचे पासिंग होते, म्हणजे योग्यतेचा दाखला नवा करावयाचा होता. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीस तो दरवर्षी घ्यावा लागतो. तत्पूर्वी गाडी आपल्या नावावर करून घ्यावी म्हणून तो गेला, तेव्हा नोंदलेल्या दूरध्वनीवर येणारा सांकेतिक अंक हवा असे कळले. तो दूरध्वनी बंद. दलाल भेटेना. नोंदणीपत्रावरील पत्त्याने तो त्या गावी गेला, तेव्हा समजले की मालकाला वारून वर्ष होत आले होते.

कोऱ्या नमुन्यावर सही घेऊन गाडी हातोहात विकण्याची रीत आपल्याकडे सर्रास आहे. मधल्या विकणाऱ्याचे नाव कोठेच उमटत नाही. कायदा मात्र स्पष्ट आहे. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळविले पाहिजे. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात निर्णय दिला. गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, आणि अपघात झाला तेव्हा ती मूळ मालकाच्या ताब्यात नव्हती. तरीही नोंदणीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची, असे न्यायालयाने ठरविले. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याने त्या दोन महिन्यांत कोणाला धक्का दिला असता, तर एका मृत मनुष्याच्या घरावर दावा गेला असता.

त्या घरात एक विधवा बाई आणि दोन मुले होती. गाडी विकून हिशेब मिटला असे त्या समजत होत्या. पण वेगाच्या आणि जादा मालाच्या दंडाच्या सूचना त्यांच्याच पत्त्यावर येत राहिल्या. त्या त्यांनी देव्हाऱ्याखाली जपून ठेवल्या होत्या, कारण काय करावे हे सांगणारे कोणी नव्हते. माझा विद्यार्थी दुसऱ्या खेपेस मला बरोबर घेऊन गेला, तेव्हा त्यांनी तो गठ्ठा माझ्यापुढे ठेवला आणि विचारले, “साहेब, यात आमची जमीन जाईल का?” मला पटकन उत्तर देता आले नाही.

वाट होती, पण लांबची. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या नावे गाडी करण्याचा ३१ क्रमांकाचा नमुना असतो. मृत्यूचा दाखला, इतर वारसांची संमती, प्रतिज्ञापत्र, हे सारे होऊन गाडी प्रथम बाईंच्या नावे झाली, आणि मग बाईंकडून माझ्या विद्यार्थ्याच्या नावे. तोवर पासिंगची मुदत टळली होती आणि तशी गाडी रस्त्यावर काढणे धोक्याचे होते. हंगामाचे उरलेले दिवस ती लिंबाखाली उभी राहिली. तिचे इंजिन पहिल्या फटक्यात चालू होई, त्याचा उपयोग काही नव्हता. बाईंनी सह्यांसाठी एक पैसाही मागितला नाही. जुने दंड तेवढे आपल्या डोक्यावर राहू नयेत एवढेच त्या म्हणाल्या. आणि माझ्या विद्यार्थ्याने, त्यातले बहुतेक आपल्या काळचे नसतानाही, ते हप्त्याहप्त्याने भरले. तसे करावयास मी त्याला सांगितले नव्हते.

शेवटच्या सहीच्या दिवशी बाईंनी आतून एक वही आणून दिली. नवऱ्याची होती. ऑइल केव्हा बदलले, क्लचप्लेट केव्हा टाकली, कोणत्या तारखेस किती केळी भरूचच्या बाजूला नेली, सारे किलोमीटरांसह लिहिलेले. अक्षर आडवेतिडवे, पण एकही ओळ तारखेवाचून नव्हती. शेवटची नोंद एक लाख शहाऐंशी हजारांची होती. आम्ही गाडी घेतली तेव्हा मीटर चौऱ्याण्णव हजार दाखवीत होता.

परतीच्या वाटेवर तो बराच वेळ बोलला नाही. मला वाटले, आता तो गाडी विकून टाकील. डभोईच्या अलीकडे त्याने गाडी थांबविली, वही पुन्हा चाळली आणि म्हणाला, “सर, मागच्या चाकांची बेअरिंगं यात कुठेच बदललेली नाहीत. ती आधी बदलून घेतो.” त्या आठवड्यात त्याने ती बदलली, काढलेल्या एका बेअरिंगच्या कड्याचा पापुद्रा सुटू लागला होता. त्याची नोंद त्याने त्याच वहीत, त्या मनुष्याच्या शेवटच्या ओळीखाली केली आहे, आणि किलोमीटरच्या रकान्यात मीटरचा आकडा न लिहिता खरा आकडा बेरीज करून लिहिला आहे.